तळपायाची रात्रीची आग: हाताला पाय गार लागतो, मग जळतंय काय?

रात्रीचे पावणेदोन वाजले असतील. आई स्वयंपाकघरात उभी होती, लाईट न लावता, आणि उजवा पाय एका लादीवरून दुसऱ्या लादीवर सरकवत होती, कारण पायाखालची लादी गरम झाली की शेजारची अजून गार असते. मी पाणी प्यायला उठले म्हणून दिसली, नाहीतर मला कळलंही नसतं की हे कित्येक महिने रोज चाललंय. "काय गं आई, झोपली नाहीस?" तर म्हणाली, "निखाऱ्यावर ठेवल्यासारखे झालेत गं तळपाय, तू जा झोप, उद्या तुला लवकर जायचंय."

मी खाली बसले आणि तिच्या तळपायाला हात लावला. गार होता. म्हणजे नुसता नॉर्मल नाही, माझ्या हातापेक्षा चक्क गार. आणि ती म्हणत होती जळतंय.

मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमधे टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली, रोज सकाळी सात वाजता नौपाड्यातल्या आज्या-आजोबांच्या हाताची शीर शोधत असते, आणि आईचे पाय जळतात हे ऐकून मी सुद्धा वर्षभर "उष्णता असेल, सब्जा घे" एवढंच म्हणत राहिले. याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणूनच हे सगळं लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण त्या रात्रीनंतर आईसोबत जेवढ्या ओपीडीत बसले, डॉक्टरांना जेवढं विचारलं आणि वाचलं, त्यातून एक गोष्ट पक्की समजली, ती म्हणजे ही आग पायात नसते, पायाची खबर नेणाऱ्या तारेत असते. हे एकदा डोक्यात बसलं ना की काय करायचं आणि काय नाही ते बरंचसं आपोआप सुटतं.

मिरची कापली की हात का जळतो?

ठेचा केल्यावर हातांची आग होते बघा, साबणाने धुवा, दही चोळा, तासभर जात नाही. आता थर्मामीटर लावला तर त्या हाताचं तापमान भाजण्याइतकं वाढलेलं नसतं, मिरचीने काही भाजलेलं नसतं. मग झालं काय? आपल्या कातडीत बारीक नर्व्हची, म्हणजे मज्जातंतूंची, जी टोकं असतात त्यांच्यावर एक दार असतं, ते साधारण ४३ डिग्रीच्या वर उष्णता लागली की उघडतं आणि मेंदूला निरोप जातो, "चटका!" मिरचीतलं कॅप्सेसिन तेच दार उष्णता नसताना उघडतं. मेंदूला काय माहीत तिकडे विस्तव आहे की मिरची, त्याला निरोप तोच आला. हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने १९९७ मधे शोधलं, टीआरपीव्हीवन त्याचं नाव, आणि या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

तळपायाच्या आगीत मिरचीसुद्धा नसते. नर्व्ह स्वतःच दुखावलेली असते, तिचं टोक झिजलेलं असतं, आणि अशी आजारी नर्व्ह कोणी हात न लावता उगाच निरोप पाठवत राहते. निरोप चटक्याचा आहे म्हणून जाणीव चटक्याची होते. आपण मराठीत रागाबद्दल म्हणतो ना तळपायाची आग मस्तकात गेली, तसं शरीरात अक्षरशः घडतं, आग कळते ती मस्तकातच, तळपायातून निघतो तो फक्त निरोप. म्हणून आई खोटं बोलत नव्हती आणि माझा हातही खोटा नव्हता.

त्यामुळे घरच्या घरी पहिली परीक्षा हीच करा, पाय जळत असताना दुसऱ्या कोणीतरी आपल्या हाताची मागची बाजू त्या तळपायाला लावून बघायची. गार किंवा नेहमीसारखा लागला तर भानगड बहुतेक नर्व्हची. खरंच गरम लागला, लाल आहे, सुजलाय, आणि त्यात एकाच बाजूचा आहे, तर ते वेगळंच प्रकरण, आत इन्फेक्शन असू शकतं, डायबेटिस असेल तर पायाची हाडं आतल्या आत मोडत असू शकतात आणि गंमत म्हणजे तेव्हा दुखतही नाही फारसं. असा पाय त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचा, रात्रभर पाण्यात घालून बसायचं नाही.

पण पायच का, आणि रात्रीच का

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. पाण्याचं प्रेशर कमी झालं की लाईनच्या टोकाला जी बिल्डिंग असते ती आधी कोरडी पडते, सुरुवातीच्यांना पत्ताही नसतो. तळपायाला जाणारी नर्व्ह ही शरीरातली सगळ्यात लांब लाईन, तिची मूळ पेशी कमरेशी मणक्याजवळ आणि टोक पायाच्या अंगठ्यात, म्हणजे जवळजवळ मीटरभर लांब एकच धागा. त्या टोकाला लागणारा सगळा माल कमरेजवळ तयार होतो आणि धाग्याच्या आतून खाली वाहून न्यावा लागतो. घाईचा माल दिवसाला ४० सेंटिमीटरपर्यंत जातो, बाकीचा बराच माल दिवसाला काही मिलिमीटर एवढ्या संथपणे सरकतो. मग शुगर वाढली, बी१२ कमी पडलं, किडनीने रक्त नीट साफ केलं नाही, काहीही होऊन उत्पादन किंवा वाहतूक बिघडली की पहिली रड टोकाची. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते, मग तळवा, मग घोटा, मोजा घालतो तसं वर चढत जातं, आणि ते गुडघ्याच्या आसपास पोचतं तेव्हा कुठे हाताची बोटं सुरू होतात कारण तोवर त्या लांबीची पाळी आलेली असते. डॉक्टर जेव्हा विचारतात "कुठपर्यंत होतं, हाताने दाखवा" तेव्हा ते हेच बघत असतात.

रात्रीचं कोडं मला जास्त छळत होतं. दिवसा आई भाजी आणते, जांभळी नाक्यापर्यंत चालत जाते, तेव्हा काही नाही, आणि पाठ टेकली की सुरू. त्याला एक कारण नाही, दोन-तीन गोष्टी एकदम जुळून येतात. एक म्हणजे दिवसभर चालण्याचे, स्पर्शाचे, दाबाचे निरोप पायातून वर जात असतात आणि पाठीच्या कण्यात एक फाटक आहे समजा, तिथे या निरोपांची गर्दी असली की दुखण्याच्या निरोपाला वाट कमी मिळते. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मधे ही फाटकाची कल्पना मांडली. कुठे आपटलं की आपण आपोआप तिथे चोळतो ते याच्यामुळेच. रात्री पाय स्वस्थ पडले की गर्दी ओसरते आणि आगीचा निरोप सुसाट जातो. त्यात टीव्ही बंद, घर शांत, मेंदूला दुसरं काम नाही. दुसरं, झोप लागायच्या वेळी शरीर आतली उष्णता बाहेर टाकतं आणि ती टाकायची जागा म्हणजे हातपाय, तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडी किंचित कोमट होते, निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही पण आजारी नर्व्हला तेवढं निमित्त पुरतं. आणि तिसरी चादर! दुखावलेल्या नर्व्हला साध्या सुती चादरीचा स्पर्शसुद्धा बोचतो, टोचतो. आई थंडीतही पाय बाहेर काढून झोपायची आणि मी आपली मधेच उठून प्रेमाने पांघरूण घालायचे.

आपल्याकडे या त्रासाची नोंद फार जुनी आहे. आयुर्वेदात पाददाह असं त्याला वेगळं नाव आहे. ग्रिअरसन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १८२६ मधे भारतातल्या अशा रुग्णांबद्दल लिहिलं आणि १९४६ मधे डॉ. सी. गोपालन यांनी, जे नंतर आयसीएमआरचे म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक झाले, निकस आहारातून येणाऱ्या पाय जळण्यावर लिहिलं, त्यावरून या त्रासाला ग्रिअरसन-गोपालन सिंड्रोम असंही म्हणतात. निकस आहार म्हटलं की आपल्याला उपासमार डोळ्यासमोर येते, पण माझी आई रोज दोन वेळा व्यवस्थित जेवते आणि तरी तिच्यात एक गोष्ट रिकामी होती.

आईच्या बाबतीत नेमकं काय झालं

आईने बारा वर्षांपूर्वी माळ घातली. तोवर घरात बुधवार-शुक्रवार-रविवार मासे व्हायचे, ते सगळं बंद. डायबेटिस त्याच्या थोडा नंतर निघाला आणि मेटफॉर्मिन सुरू झाली, नऊ वर्षं चालूच आहे. पित्ताचा त्रास म्हणून सकाळी उपाशीपोटी एक अ‍ॅसिडिटीची गोळी, ती कोणी किती दिवस घ्यायची ते सांगितलंच नाही म्हणून सहा वर्षं.

आता या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवा. बी१२ हे व्हिटॅमिन भाजीत नसतं, डाळीत नसतं, ते येतं मासे, अंडी, मटण आणि थोडंफार दूध-दह्यातून. लागतं अगदी नखाएवढं, दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि लिव्हरमधे साठा इतका असतो की खाणं थांबलं तरी काही वर्षं निभावतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. खाल्लेल्या अन्नातून ते सुटायला पोटातलं अ‍ॅसिड लागतं, ते गोळीने दाबलेलं. पुढे लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ते रक्तात शिरतं, तिथे मेटफॉर्मिन अडथळा करते. म्हणजे येणं कमी, सुटणं कमी, शिरणं कमी. आणि बी१२ हे नर्व्हवरचं जे कव्हर असतं ना, वायरवरच्या प्लास्टिकसारखं, ते टिकवायला लागतं.

मेटफॉर्मिन वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, उत्तम औषध आहे आणि मनाने बंद करायचं नाही. फक्त ती वर्षानुवर्षं चालू असेल तर अधूनमधून बी१२ बघायचं असतं, एवढंच आम्हाला माहीत नव्हतं. आईचं आलं १४२. सर्वसाधारणपणे २०० च्या खाली म्हणजे कमी, २०० ते ३०० ही संशयाची जागा, तिथे डॉक्टर कधीकधी होमोसिस्टीन किंवा एमएमए अशी पुढची टेस्ट लिहितात. रोज मशीनवर दुसऱ्यांचे आकडे बघणारी मी, तो रिपोर्ट हातात घेऊन पाच मिनिटं नुसती बसून होते.

इथे लॅबवाली म्हणून तीन गोष्टी कळकळीने सांगते. पाय जळतात म्हटलं की पुष्कळ ठिकाणी लगेच ते लाल इंजेक्शन टोचतात, ताकदीचं म्हणून. त्यानंतर बी१२ केलं तर आकडा वर दिसतो आणि मग खरंच कमी होतं का ते कधीच कळत नाही. म्हणून आधी रक्त, मग इंजेक्शन. दुसरं, हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणजे बी१२ चांगलं आहे असं नसतं, अ‍ॅनिमिया न होताही नर्व्ह बिघडू शकतात, आणि नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं पण नर्व्हचं नुकसान आत चालूच राहतं. आणि तिसरं शुगरचं. "माझी फास्टिंग ९५ आहे, मला शुगर नाही" असं लोक छातीठोक सांगतात, पण बऱ्याच जणांची जेवणानंतरचीच चढते, म्हणून फास्टिंग, पीपी आणि जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधे घेतो ती एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा सरासरी अंदाज, तिन्ही बघा. एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त म्हणजे डायबेटिस, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, आणि उंबरठ्यावरही पाय जळायला लागू शकतात. २०२३ मधे आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत देशात १० कोटींच्या वर डायबेटिसवाले आणि १३ कोटींच्या वर उंबरठ्यावरचे निघाले, त्यामुळे "आमच्या घरात कोणाला नाही" याला आता काही अर्थ उरलेला नाही.

सोबत थायरॉईडसाठी टीएसएच, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि रक्तपेशींसाठी सीबीसी, एवढ्यात बरंच चित्र स्पष्ट होतं. खाजगीत परवडत नसेल तर कळव्याच्या महापालिकेच्या हॉस्पिटलात मेडिसिनच्या ओपीडीला दाखवा. गर्दी असते, पण दाखवायचं टाळू नका. डॉक्टर ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडाला टेकवून कंपन कळतं का बघतात, नायलॉनच्या तंतूने तळव्याला टोचून बघतात, पाच मिनिटांचं काम. एनसीव्ही नावाची नर्व्हची टेस्ट नॉर्मल आली म्हणून "तुम्हाला काहीच नाही" असं कोणी म्हणालं तर खचू नका, ती टेस्ट जाड नर्व्ह तपासते, आगीचा निरोप नेणाऱ्या अगदी बारीक असतात, त्या तिच्यात दिसतच नाहीत. आमच्या मजल्यावरच्या काकूंना असं सांगून वर झोपेची गोळी दिली होती कोणीतरी, मनाचे खेळ आहेत म्हणून. दोन वर्षं त्या बिचाऱ्या स्वतःलाच दोष देत बसल्या.

प्रत्येक आग नर्व्हची नसते

पावसाळ्यात ओल्या बुटात दहा-बारा तास काढले, स्टेशनच्या पाण्यातून आलो, की चिखल्या होतात हे आपल्याला नवीन नाही. बोटांच्या बेचक्यात पांढरी पडलेली कातडी, खाज, वास, आणि मग तळव्यावर पसरलं की आग. वागळे किंवा रबाळ्याला कंपनीत सेफ्टी शूज घालणाऱ्यांना तर बाराही महिने. ही फंगस, साध्या अँटिफंगल क्रीमने जाते पण दिसेनाशी झाल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस लावावी लागते. मेडिकलमधून "खाज की क्रीम" म्हणून जी ट्यूब मिळते तिच्यात पुष्कळदा स्टिरॉईड मिसळलेलं असतं, दोन दिवसांत थंड वाटतं आणि महिन्याभरात दुप्पट पसरतं, ती नकोच. आणि डायबेटिस असेल तर बेचक्यातली ती भेग म्हणजे आत शिरायचा दरवाजा आहे.

टाच सकाळी पहिलं पाऊल टेकताना दुखते आणि चालल्यावर कमी होते ते टाचेखालच्या पट्ट्याचं दुखणं, हे नाही. पोटऱ्यांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि उठून चाललं की बरं वाटतं, ते रेस्टलेस लेग्ज, तिथे लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन तपासतात. एकाच पायाला, घोट्याच्या आतल्या बाजूने किंवा कमरेतून कळ येऊन जळत असेल तर नर्व्ह कुठेतरी दाबली जातेय. दारू रोजची असेल तर तेही एक मोठं कारण आहे, पुरुष मंडळी हे डॉक्टरला सांगत नाहीत, सांगा. टीबीची औषधं चालू असताना पाय जळायला लागले तर गोळ्या बंद न करता लगेच कळवा, त्यातल्या आयसोनायझिडमुळे बी६ कमी पडतं म्हणून सोबत बी६ देतात. आणि उलटही आहे, बी६ गरजेपेक्षा खूप जास्त महिनोनमहिने घेतलं तर त्यानेच नर्व्ह खराब होतात, दिवसाची गरज दोन-तीन मिलिग्रॅमच्या आत आहे, तेव्हा मल्टिव्हिटॅमिनच्या तीन वेगवेगळ्या स्ट्रिप एकदम चालू असतील तर मागे पायरिडॉक्सिनचा, म्हणजे बी६चाच, आकडा वाचा. अंगावर फिकट चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही, असं असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे आणि पूर्ण बरं होतं, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

दोन-चार दिवसांत पायातली ताकदच जायला लागली, किंवा कंबरदुखीसोबत लघवी-संडासचा कंट्रोल गेला, किंवा बोट काळं पडलं, तर हे वाचत बसू नका, रिक्षा पकडा.

रात्र काढायची कशी?

आमच्याकडे जे उपयोगी पडलं ते सांगते. झोपायच्या आधी बादलीत नळाचं साधं पाणी, दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून. बर्फ नाही. आगीच्या भरात बर्फ हवाहवासा वाटतो पण ज्या नर्व्हला चटका चुकीचा कळतो तिला गारठाही नीट कळत नाही, कातडी गोठून फोड आलेले मी बघितलेत. रात्रभर पाण्यात पाय ठेवून बसणंही नको, कातडी भिजून सोलवटते. पाय काढले की बेचक्यांसकट कोरडे पुसायचे, तळव्याला क्रीम किंवा खोबरेल, बोटांच्या मधे मात्र नाही. शेक तर चुकूनही नको, गरम पाण्याच्या पिशवीने किती जण भाजून घेतात, कळतच नाही. अंघोळीचं पाणीसुद्धा पायाने नाही, कोपराने तपासायचं.

चादरीसाठी आम्ही एक साधी युक्ती केली, पलंगाच्या पायथ्याशी एक पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवला आणि चादर त्याच्यावरून घेतली, पाय आत मोकळे. थंडी वाजत नाही आणि कापड बोचत नाही. आई पहिल्या रात्री म्हणाली, "एवढंच करायचं होतं होय?"

काशाच्या वाटीबद्दल सगळे विचारतात. आमच्या आजीची होती, तूप लावून तळपायाला घासायची, तळवा काळा पडला की म्हणायची बघ उष्णता बाहेर आली. ते काळं म्हणजे उष्णता नाही, घासल्याने वाटीच्या धातूचा आणि तुपाचा होणारा तो लेप आहे, काही होत नसलेल्या पायाला वाटी घासली तरी तळवा काळा होतो. पण बरं वाटतं ते खरंच वाटतं, कारण घासण्याचे निरोप त्या फाटकात गर्दी करतात. तेव्हा कातडी धड असेल, भेग-जखम नसेल, तर हलक्या हाताने दहा मिनिटं जरूर घासा, मी अजून आईला घासून देते. फक्त वाटी घासली म्हणून रक्त तपासायचं राहून जाऊ नये. मेंदीने थंड वाटतं, लावा, पण शुद्ध पाल्याची, ती काळी झटपट मेंदी नको, तिच्यातल्या केमिकलने कातडी भाजते. आणि गुलकंद उष्णतेवर म्हणून डायबेटिसवाल्यांना प्रेमाने भरवू नका, ती साखर आहे.

संध्याकाळी अर्धा तास चालणं, शुगर सुधारते आणि नर्व्हलाही फायदा होतो, तलावपाळीला एक-दोन फेऱ्या मारा, पण बूट किंवा बंद सॅंडल घालून. चपला-बूट संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, तेच खरं माप. अनवाणी घरातही नको आणि मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर तर नकोच, देवाला मोजे घालून गेलेलं चालतं.

एवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत आणि ती घेण्यात काही गैर नाही. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक वगैरे, या आगीवर फारशा चालत नाहीत आणि सतत घेतल्या तर किडनीची वाट लावू शकतात. या आगीवर चालतात त्या प्रीगाबालिन, गाबापेंटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन. इथे एक घोटाळा हमखास होतो, मेडिकलवाला म्हणतो "ही तर डिप्रेशनची", किंवा मुलगा गुगल करून सांगतो "ही फिटची", आणि माणूस घाबरून बंद करतो. औषध तेच असलं तरी काम इथे वेगळं आहे, उगाच निरोप पाठवणाऱ्या तारेला शांत करायचं, आणि ते दिसायला दोन-चार आठवडे लागतात. झोप येते, चक्कर येऊ शकते, प्रीगाबालिनने पाय सुजू शकतात, वयस्कर पुरुषांना अ‍ॅमिट्रिप्टिलिनने लघवी अडकू शकते, काचबिंदू असेल तर आधी सांगायचं. रात्री बाथरूमपर्यंत एक छोटा दिवा लावून ठेवा, पडायला होतं. आणि मनाने एकदम बंद करायची नाहीत. आग निम्म्यावर आली तरी डॉक्टर ते चांगलं यश धरतात, शून्यावर येईलच असं नाही.

नर्व्ह परत वाढते ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, त्यामुळे आठ दिवसांत काही फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. शुगर फार झपाट्याने खाली आणली तर काही काळ आग उलट वाढू शकते, ते माहीत असलं की घाबरायला होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला आधी उलटंच वाटायचं. काही उपाय न करता आग एके दिवशी आपोआप थांबली तर आनंद मानू नका. नर्व्ह दुखावलेली असते तोवर ओरडते, मेली की गप्प होते. मग पाय बधीर पडतो, चपलेत खडा असला तरी कळत नाही, गादीवरून चालल्यासारखं वाटतं, आणि माणूस म्हणतो आता बरा आहे मी. लॅबमधे एक आजोबा यायचे, वर्षापूर्वी पाय जळतात म्हणून हैराण होते, मग म्हणाले गेलं सगळं, छान वाटतं. त्या दिवशी रक्त घेताना खाली लक्ष गेलं तर त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी ओला डाग. मोजा काढला तर खिळा चपलेतून आरपार येऊन तीन-चार दिवस टोचत होता आणि त्यांना खबरच नव्हती. वेळेत ड्रेसिंग झालं, अंगठा वाचला.

म्हणून आमच्याकडे रोज रात्री पाय बघायचा नेम आहे. आईला वाकता येत नाही, मग बाबांचा दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून ती त्यात तळवे बघते, भेग, फोड, लालपणा, बेचकी. तिला दिसत नाही तेव्हा मी मोबाईलच्या टॉर्चने बघते. इंजेक्शनांचा कोर्स झाला, आता बी१२ ची गोळी चालू आहे, अ‍ॅसिडिटीची डॉक्टरांनी हळूहळू बंद केली, रात्री एक बारीक गोळी आहे. आधी घोट्यापर्यंत जळायचं ते सात महिन्यांत बोटांपुरतं उरलंय. परवा पावणेदोनला मी सवयीने उठले, स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, खोलीत जाऊन बघितलं तर खोक्याच्या आड पाय पसरून आई घोरत होती.